काळ्या मातीवरचं घर आणि भूकंपाचा विमा: पॉलिसी घेण्यापासून दाव्याची रक्कम हाती येईपर्यंत

विदर्भात भूकंपाचा दावा अडतो तो बहुतेक वेळा भेगेवर. काळ्या मातीवरच्या घराला भेग असतेच. उन्हाळ्यात जमीन तडकते, भिंतीतली भेग रुंदावते. पावसाळ्यात माती फुगली की तीच भेग मिटल्यासारखी दिसते. चंद्रपूर-वणी पट्ट्यात कोळसा खाणींच्या ब्लास्टिंगनं भिंती हादरतात, ते आणखी वेगळं. अशा घराला भूकंपाचा धक्का बसला आणि नुकसान झालं, तर पाहणीला आलेल्या सर्वेअरचा पहिला प्रश्न एकच असतो: ही भेग आधीची की आताची? याचं उत्तर फोटोत आणि कागदावर असेल तर पुढचं काम सोपं जातं. म्हणून दाव्याची अर्धी तयारी पॉलिसी घेतली त्याच दिवशी करून ठेवायची, आणि या लेखातला बराचसा भाग त्याच तयारीचा आहे.

आपल्याकडे कुठला आलाय भूकंप, असं गावात हमखास म्हटलं जातं. नागपूर भूकंपाच्या नकाशावर झोन २ मध्ये, म्हणजे कमी धोक्याच्या भागात आहे, हे खरं. पण किल्लारीचा भाग ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेपर्यंत त्याहूनही खालच्या झोन १ मध्ये होता. त्या पहाटेच्या भूकंपात हजारो माणसं गेली, आणि त्यातली बहुतेक दगड-मातीच्या जाड भिंती व वरच्या जड माळवदाखाली दबून गेली. पुढे झोन १ च रद्द करून तो झोन २ मध्ये मिसळला गेला. २२ मे १९९७ ला जबलपूरला ५.८ चा भूकंप झाला. वाशीम-यवतमाळला लागून असलेल्या हिंगोलीत २०२४ च्या मार्चमध्ये आणि जुलैमध्ये ४.५ चे धक्के बसले. त्याच वर्षी ४ डिसेंबरला सकाळी तेलंगणातल्या मुलुगूजवळ ५.३ चा भूकंप झाला, तो गडचिरोली-चंद्रपूरपासून नागपूरपर्यंत जाणवला. धोका कमी आहे, शून्य नाही. आणि मातीच्या जुडाईच्या भिंतीला मध्यम धक्काही पुरतो.

कोणती पॉलिसी घ्यायची

१ एप्रिल २०२१ पासून घराचा विमा विकणाऱ्या प्रत्येक साधारण विमा कंपनीला ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी द्यावीच लागते. हिच्या मूळ अटी सगळ्या कंपन्यांत सारख्याच, त्यामुळे तुलना करायची ती प्रीमियमची आणि जवळच्या कार्यालयाची. भूकंप हिच्यात आधीपासूनच धरलेला आहे, वेगळा मागावा लागत नाही. शिवाय आग, वीज पडणं, वादळ, पूर, जमीन खचणं हेही आहे. आपल्याकडे वादळानं टिनपत्रे उडणं आणि नाल्याचं पाणी घरात शिरणं हे भूकंपापेक्षा कितीतरी वेळा घडतं, तेव्हा नुसत्या भूकंपासाठी पैसे जातात असं समजायचं कारण नाही. प्रीमियमवर १८ टक्के जीएसटी लागतो.

गृहकर्ज घेताना बँकेनं काढलेली पॉलिसी असेल तर ती मागवून वाचा. ती ‘भारत गृह रक्षा’च आहे का, विमा रक्कम पूर्ण घराची आहे की फक्त कर्जाएवढी, आणि त्यात बँक क्लॉज आहे का, या तीन गोष्टी पाहा. बँक क्लॉज असेल तर दाव्याची रक्कम आधी बँकेकडे जाते. कर्ज फिटल्यावर हा क्लॉज आपोआप निघत नाही; बँकेचा कर्जमुक्तीचा दाखला जोडून कंपनीला अर्ज करावा लागतो.

प्रस्ताव अर्जात भिंत कशाची आणि छप्पर कशाचं हे विचारलेलं असतं. तिथं जे आहे तेच लिहा. कुडाच्या, बांबूच्या, गवताच्या किंवा ताडपत्रीच्या बांधकामाला विम्याच्या भाषेत ‘कच्चं बांधकाम’ म्हणतात आणि त्याचे नियम वेगळे असतात. मातीच्या भिंती आणि वर कवेलू असलेलं घर एजंटनं ‘आरसीसी’ म्हणून भरलं, की प्रीमियम भरताना कुणी काही बोलत नाही. दाव्याच्या वेळी मात्र तीच ओळ आडवी येते. अर्जाची प्रत एजंटकडून घ्या आणि आपल्या डोळ्यांनी वाचा.

विमा रक्कम कशी काढायची

इथं सर्वांत जास्त गोंधळ होतो, कारण लोक जागेची किंमत धरतात. विमा जमिनीचा नसतो. घर पूर्ण पडलं तर तेच घर आज पुन्हा बांधायला जो खर्च येईल, तेवढीच विमा रक्कम. हिशेब कार्पेट एरियावर होतो, म्हणजे भिंतींच्या आतली वापरातली जागा. अर्जात ती चौरस मीटरमध्ये मागतात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट.

समजा आतली जागा ६०० चौरस फूट आहे. म्हणजे ५५.७४ चौरस मीटर. गावातला मिस्त्री आज साहित्यासकट १,६०० रुपये फुटानं बांधून देतो असं धरलं, तर घराचे ९ लाख ६० हजार झाले. आता बाहेरचं धरा: वॉल कंपाउंड, गेट, ओसरी, संडासची सेप्टिक टाकी, पाण्याची पक्की टाकी, गोबर गॅस, छतावरचं सोलर. ही सगळी बांधकामं याच पॉलिसीत येतात, पण ती विमा रकमेत धरायला हवीत आणि अर्जात नोंदवायला हवीत. त्यांचे १ लाख ४० हजार धरले तर इमारतीची विमा रक्कम ११ लाख झाली. घरातल्या साधारण सामानाला (कपाट, पलंग, फ्रिज, टीव्ही, भांडी) इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के आपोआप संरक्षण मिळतं, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत. आपल्या उदाहरणात ते २ लाख २० हजार होतात, आणि त्यासाठी यादी द्यावी लागत नाही.

दागिन्यांना मात्र ‘मौल्यवान वस्तू’चं वेगळं कलम घ्यावं लागतं. रोख रक्कम, कागदपत्रं आणि वाहनं सामानात धरत नाहीत. भाव वाढेल म्हणून घरातल्या खोलीत भरून ठेवलेला कापूस, सोयाबीनची किंवा तुरीची पोती, पुढच्या खोलीतल्या किराणा दुकानाचा माल, हे घरगुती सामानात येईल असं धरून चालू नका. गुरांचा कोठा निवासी इमारतीत मोडेल का, हेही कंपनीला ईमेलनं विचारा आणि उत्तर जपून ठेवा. जनावरांचा विमा तर पूर्ण वेगळा.

या पॉलिसीची एक फार चांगली बाजू म्हणजे अल्पविम्याची कपात माफ आहे. जुन्या पद्धतीत १० लाखांच्या घराचा विमा ५ लाखांचा असेल, तर २ लाखांच्या नुकसानीवरही निम्मीच भरपाई मिळायची. आता तसं होत नाही, विमा रकमेच्या मर्यादेत पूर्ण खर्च मिळतो. पण घर पूर्ण पडलं तर मर्यादा ती मर्यादाच, म्हणून रक्कम मुद्दाम कमी ठेवू नका.

पॉलिसी १० वर्षांपर्यंतची मिळते. गावातल्या घरासाठी लांब मुदतीची घ्यावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. एक तर दर वर्षी नूतनीकरण विसरण्याची भीती राहत नाही, आणि मुदत संपल्यानंतरच्या एका दिवसातही धक्का बसला तर काहीच मिळत नाही. दुसरं, लांब मुदतीच्या पॉलिसीत विमा रक्कम दर वर्षी १० टक्क्यांनी आपोआप वाढते, त्यामुळे सिमेंट-सळाखीच्या वाढत्या भावाशी थोडाफार मेळ राहतो.

घर कुणाच्या नावावर आहे?

खेड्यात हा प्रश्न भेगेइतकाच दावा अडवतो. वडील जाऊन कितीतरी वर्षं झाली, घर दोघा भावांत वाटलं गेलं, पण ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर अजून वडिलांचंच नाव असतं. पॉलिसी एका भावाच्या नावावर, घर कागदोपत्री मयताच्या नावावर. मग कंपनी विचारते की तुमचा या घराशी काय संबंध. पॉलिसी घ्यायच्या आधीच वारसांची नोंद करून घ्या. गावठाणातलं घर असेल आणि स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झाली असेल तर मालमत्ता पत्रक काढा; त्यावर नकाशा आणि क्षेत्रफळ दोन्ही असतं. घर शेतात असेल तर सातबारा, आणि त्यावर घराची नोंद. वाटणी झालेली असेल तर पॉलिसीत सगळ्या हिस्सेदारांची नावं घाला किंवा ज्यानं-त्यानं आपल्या भागाची वेगळी पॉलिसी काढा. पॉलिसीवरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक पासबुकावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं पाहिजे.

खोली वाढवली, टिन काढून स्लॅब टाकला, मजला चढवला, तर कंपनीला कळवून पॉलिसीत तशी दुरुस्ती करून घ्या. त्याला एन्डोर्समेंट म्हणतात. घर महिनोन् महिने बंद ठेवून कामासाठी पुणे-सुरतला जाणार असाल, तर त्याचा संरक्षणावर काही परिणाम होतो का ते लेखी विचारून घ्या.

भेगांची नोंदवही

एक साधी वही करा. घराच्या प्रत्येक भिंतीला नाव द्या: पूर्वेची बाहेरची, देवघराची, न्हाणीची. प्रत्येक भिंतीचा एक पूर्ण फोटो घ्या आणि जिथं भेग आहे तिथला जवळून एक. जवळच्या फोटोत भेगेला आडवी मोजपट्टी धरा, म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये दिसते. वहीत लिहा: ‘देवघराची भिंत, खिडकीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यापासून सज्जाकडे तिरपी, लांबी सव्वादोन फूट, रुंदी २ मिमी’, आणि तारीख. हे काम वर्षातून दोनदा करा, एकदा मे अखेरीस आणि एकदा पोळ्याच्या सुमारास, कारण काळ्या मातीची भेग उन्हाळ्यात उघडते आणि पावसाळ्यात मिटते. दोन्ही वेळचे फोटो असले की ही हंगामी भेग आहे हे तुम्हालाही कळतं, सर्वेअरलाही.

मोठ्या भेगेवर काचेची पट्टी बसवा. काचकाम करणाऱ्याकडून तीन-चार इंच लांबीचा पातळ तुकडा आणा, भेगेच्या दोन्ही बाजूंचा गिलावा खरवडून दोन्ही टोकं सिमेंटमध्ये पक्की करा आणि त्यावर तारीख लिहा. भिंत हलली की काच तडकते. धक्क्याच्या आदल्या आठवड्यात काच शाबूत असल्याचा फोटो आणि दुसऱ्या दिवशी तडकल्याचा फोटो, याहून चांगला पुरावा गावात तयार करता येणार नाही. मात्र हंगामी हालचालीनंही काच तुटू शकते. तुटली तर नवी बसवा आणि नोंद करा.

भेगेच्या आकारावरूनही बराच अंदाज येतो. जमीन खचल्याची भेग बहुधा घराच्या एका कोपऱ्याकडे जाते, जिन्यासारखी पायऱ्या-पायऱ्यांनी, आणि वर किंवा खाली एका टोकाला जास्त रुंद असते. धक्क्याची भेग दोन खिडक्यांमधल्या भागात फुलीसारखी पडते, दार-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरपी निघते, किंवा दोन भिंती जिथं मिळतात तिथं उभी फट पडून भिंती एकमेकींपासून सुटतात. कवेलू सरकणं, नाटेच्या (छपराच्या लाकडी तुळईच्या) टोकाखालची माती ढासळणं हीही धक्क्याची लक्षणं. नव्या भेगेच्या कडा धारदार आणि आतला भाग स्वच्छ असतो. जुनीत धूळ, जाळी, चुन्याचा किंवा रंगाचा ओघळ दिसतो. नव्या बांधकामाचं नेहमीचं बसणं आणि सदोष कामामुळे पडलेल्या भेगा पॉलिसीत येत नाहीत, म्हणून हा फरक दाखवता येणं गरजेचं.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीनं पाठवले तर तारीख-वेळेची मूळ माहिती निघून जाते. मूळ फाइल मोबाइलमध्ये ठेवा, ईमेलवर एक प्रत ठेवा, आणि पाठवायचेच असतील तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. पॉलिसी, नमुना ८, आणि फ्रिज-टीव्हीची बिलं यांचे फोटोही बाहेरगावी असलेल्या मुलाच्या किंवा भावाच्या मोबाइलमध्ये असू द्या. कपाटच ढिगाऱ्याखाली गेलं तर कागद कुठून काढणार?

धक्का बसल्यावर

आधी माणसं आणि जनावरं बाहेर. मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद. भिंत फुगलेली किंवा ओळंब्यातून गेलेली असेल तर फोटोसाठीही आत जाऊ नका. मागून येणारे धक्के अशाच भिंती पाडतात.

त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर कळवा आणि दावा क्रमांक लिहून घ्या. फोन लागत नसेल तर ईमेल करा, त्यात चार गोष्टी असू द्या: पॉलिसी क्रमांक, धक्क्याची तारीख-वेळ, घराचा पूर्ण पत्ता, आणि काय पडलं. एजंटला सांगितलं म्हणजे कंपनीला कळलं असं होत नाही. दावा अर्ज नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. अंदाजपत्रक तयार नाही म्हणून अर्ज थांबवू नका, ते नंतर जोडता येतं.

भूकंप झाला याचा पुरावा राष्ट्रीय भूकंपविज्ञान केंद्राच्या संकेतस्थळावर आणि त्यांच्या ‘भूकंप’ (BhooKamp) अ‍ॅपवर मिळतो: तारीख, वेळ, केंद्र, तीव्रता, खोली. त्या नोंदीचं पान जतन करून अर्जाला जोडा. नोंद नसेल तर तो धक्का खाणीतल्या ब्लास्टिंगचा असण्याची शक्यता मोठी, आणि ती तक्रार खाण प्रशासनाकडे करायची असते.

सर्वेअर येईपर्यंत ढिगारा हलवायचा नाही, हा साधारण नियम. पण पुढचं नुकसान टाळणं हीसुद्धा पॉलिसीची अट आहे. उघड्या छपरावर ताडपत्री टाका, कललेल्या भिंतीला बल्ल्यांचे टेकू द्या, आणि त्याच्या आधी व नंतर फोटो काढा. ताडपत्री-बल्ल्यांची बिलं ठेवा. रस्ता मोकळा करायला ढिगारा हलवावाच लागला तर आधी व्हिडिओ काढा, आणि फुटलेले कवेलू, वाकलेले टिनपत्रे, फुटलेला टीव्ही अंगणात एका बाजूला रचून ठेवा. घर उघडं पडल्यानं चोरी झाली तर ती धक्क्यानंतरच्या ७ दिवसांतली असेल तर पॉलिसीत येते. पोलिसांत तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या.

तलाठ्याचा (आता ग्राम महसूल अधिकारी) पंचनामा जरूर करून घ्या. सरकारी मदत आणि विमा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक मिळाली म्हणून दुसरीसाठी अर्ज करायचं सोडू नका. मदतीची रक्कम किती थोडी असते तेही पाहा: २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांत सपाट भागात पूर्ण पडलेल्या घराला १ लाख २० हजार, आणि किमान १५ टक्के नुकसान झालेल्या पक्क्या घराला फक्त ६,५०० रुपये. पंचनाम्यावर ‘अंशतः’ लिहिलं आणि विम्याच्या अर्जात तुम्ही ‘पूर्ण’ लिहिलं, तर सर्वेअर त्यावर बोट ठेवतो. सही करण्याआधी वाचा.

सर्वेअर आणि अंदाजपत्रक

सध्याच्या नियमांनुसार दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्वेअर नेमायचा, त्यानं १५ दिवसांत अहवाल द्यायचा, आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीनं ७ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. सर्वेअरची फी कंपनी देते. तुमच्याकडून त्यासाठी, गाडीभाड्यासाठी किंवा ‘फाइल पुढे सरकवायला’ कुणी पैसे मागितले तर देऊ नका आणि कंपनीला लेखी कळवा.

तो येईल तेव्हा घरातलं जाणतं माणूस आणि शक्यतो मिस्त्री हजर असू द्या. नोंदवही आणि जुने फोटो समोर ठेवा. जुनी भेग स्वतःहून दाखवा, ‘ही आधीपासून होती, ही नवी आहे’ असं सांगा. जुनी भेग नवी म्हणून खपवण्याचा प्रयत्न अंगाशी येतो. खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर खऱ्या नुकसानीची भरपाईही जाते.

अंदाजपत्रक ‘घर दुरुस्ती, एकूण ३ लाख’ असं एका ओळीत नको. स्थापत्य अभियंत्याकडून बाबवार करून घ्या: कोणती भिंत, किती लांब, किती उंच, किती जाड, पाडकाम किती, वीटकाम किती, गिलावा किती चौरस मीटर, दर काय. नाटा-फाटे, टिनपत्रे, वायरिंग, फरशी वेगळी. अभियंत्याच्या फीसाठी मंजूर दाव्याच्या ५ टक्क्यांपर्यंत आणि ढिगारा हटवायला २ टक्क्यांपर्यंत रक्कम पॉलिसीत मिळते, ती बहुतेक जण मागतच नाहीत. घर राहण्याजोगं नसेल तर दुसरीकडे राहण्याच्या भाड्याचीही तरतूद आहे; भाडेकरार आणि पैसे दिल्याची पावती किंवा यूपीआयची नोंद ठेवा.

रक्कम कमी दिली किंवा दावा नाकारला तर

आधी नकाराचं किंवा कपातीचं कारण लेखी मागा, पॉलिसीच्या कोणत्या कलमाखाली ते त्यात असायला हवं. सर्वेअरच्या अहवालाची प्रतही मागा. ‘पूर्ण व अंतिम’ असं छापलेल्या पावतीवर रक्कम मान्य नसताना सही करायची वेळ आली, तर सहीजवळ ‘रक्कम मान्य नाही, हरकत राखून स्वीकारली’ असं लिहा आणि फोटो काढून ठेवा.

मग कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. सोबतच विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर ती नोंदवा. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल. विदर्भासाठी पुण्याचं कार्यालय आहे, पण तक्रार ऑनलाइन करता येते. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाखांपर्यंतची प्रकरणं चालतात. कंपनीचं अंतिम उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत जायचं. जिल्हा ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, तिथं मुदत दोन वर्षांची. पण आयोगात प्रकरण दाखल असताना लोकपाल ते घेत नाही, म्हणून आधी लोकपालाकडे जाणं बरं. अर्जासोबत पॉलिसी, दावा अर्ज, नकाराचं पत्र, भूकंपाच्या नोंदीचं पान, अंदाजपत्रक आणि भेगांच्या वहीच्या पानांच्या प्रती तारखेच्या क्रमानं लावा, आणि प्रत्येक पानावर क्रमांक टाका.